गाडीची एरियल बदलताना

भिवंडीहून कापडाचे तागे आणणाऱ्या आमच्या टेम्पोची एरियल मोडली. चालकाने दिसायला छान म्हणून बोटभर लांबीची नवी बसवून घेतली आणि कोपरी पुलाजवळ रेडिओ नुसता खरखरू लागला. रेडिओच बिघडला समजून मी नवा घ्यायला निघालो होतो. व्यापारी बंधूंनो, अशी घाई करू नका.

मुंबईचे एफएम गोल्ड १००.७ मेगाहर्ट्झवर लागते. त्याची लहर सुमारे ३ मीटर लांब. दांडी तिच्या पाव भागाइतकी, म्हणजे ७५ सेंटीमीटरच्या आसपास असली की आवाज स्वच्छ येतो. आखूड एरियलीत तार गुंडाळून ही उणीव काही अंशी भरून काढतात, पूर्ण नाही. मध्यम लहरी तर शेकडो मीटरच्या. तिथे आखूड दांडी फारच कमी पडते. काही एरियलींत अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याला बॅटरीची तार जोडलीच नाही, तर तो असून नसून सारखाच.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि कारागीर नेमका इथेच आळस करतात. एरियलीचे बूड उघड्या पत्र्याला घट्ट टेकले पाहिजे. आमच्या टेम्पोत मध्ये रंगाचा थर होता. तो खरवडला, जुन्या मापाची दांडी लावली. रेडिओ बदलावा लागला नाही.