मिस्तरीबाबांचा हिशेब

होळी जवळ आली की माझे घरात लक्ष लागत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, गुडघे कुरकुरतात, मुले म्हणतात, "आता कशाला त्या घाटात जाता?" पण अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघालेली गाडी देवगोईचा घाट चढू लागली आणि खिडकीतून मोहाच्या फुलांचा वास आला, की मी पुन्हा पंचविशीतला मास्तर होतो.

काठीच्या होळीबद्दल आपण वाचले असेल. जुन्या काठी संस्थानची ही राजवाडी होळी. उंचच उंच बांबू, रात्रभर घुमणारे ढोल, अंगावर राखेची नक्षी काढून, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून नाचणारे बुध्ये, आणि पहाटे पेटणारी होळी. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांतून माणसे येतात. आता तर कॅमेरे घेऊन शहरातलेही येतात. मी मात्र त्या गर्दीत एक चेहरा शोधत असतो. तो माणूस आता नाही हे ठाऊक असूनही शोधतो.

त्यांना सगळे मिस्तरी म्हणत. मी मिस्तरीबाबा म्हणायचो. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण नाव कागदावर गेले की मागाहून काहीतरी भरावे लागते, अशी त्यांची पक्की समजूत होती! ती अगदीच चुकीची होती असेही म्हणवत नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता. तो धुळ्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. आमचे सगळे कागद धुळ्याला जायचे आणि तिकडून परत येईपर्यंत ऋतू बदलायचा. पहिल्याच वर्षी शाळेच्या फळ्याची घोडी मोडली. मी ती मिस्तरींच्या अंगणात नेऊन टाकली. "उद्या देतो," ते म्हणाले. आठ दिवस झाले तरी उद्या उजाडेना. नवव्या दिवशी मी तावातावाने गेलो. अंगणात नांगरांची रांग लागली होती. वाकस चालवता चालवता, मान वर न करता ते म्हणाले, "गुरजी, तुझी पोरं भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर शिकतील. याचा नांगर भिंतीला टेकवून चालेल का? पाऊस माझ्यासाठी थांबतो का?"

ते मला सरळ 'तू' म्हणत. शाळा तपासायला आलेल्या साहेबालाही 'तू'च म्हणत. त्यांच्या तोंडी ते कधी उद्धट वाटले नाही. मी परत फिरलो. नांगर संपल्यावर घोडी आली ती मात्र अशी, की पुढे शाळेचे छप्पर दोनदा बदलले, घोडी बदलावी लागली नाही.

लहानपणी ते गुरे राखत. पुढे खाली खापरला एका सुताराच्या हाताखाली चार उन्हाळे राबले आणि एक वाकस, एक करवत, दोन पटाश्या घेऊन डोंगरात परत आले. एवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्य उभे केले. नांगर, वखर, जू, खाटा, धान्याच्या कोठ्या, दारे आणि मुख्य म्हणजे घरे. दांड्याला धावडा, औताला तिवस, खांबाला साग, हे त्यांचे शास्त्र. ओले लाकूड घाईने वापरायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला ते हाकलून देत. रागीट होते. मोहाची घेतल्यावर तर कोणाचीच भीड ठेवत नसत. दुसऱ्या दिवशी मात्र ज्याला बोलले असतील त्याच्या दारात जाऊन गुपचूप काहीतरी दुरुस्त करून येत. माफी मागण्याची त्यांची ही पद्धत होती.

रोख पैसा तेव्हा डोंगरात फार कमी फिरायचा. मोलगीच्या बाजारात आमचूर, भगर, मोहाची फुले विकून जे हाती येई ते मीठ, तेल, कापडात जाई. मग सुताराला द्यायचे काय? कोणी ज्वारी देई, कोणी कोंबडी. मोठे काम असेल, घर उभे केले असेल, तर शेळीचे करडू, एखादा गोऱ्हा, एखादी कालवड. मिस्तरींचा कळप असा जमला. मी गेलो तेव्हा त्यांच्याकडे गाई-बैल आणि शेळ्या मिळून तीसेक जनावरे होती. "माझी करवत वीत घातली तर गाय देते," असे ते हसून म्हणत.

त्यांच्या वर्षाचे दोन भाग होते. दिवाळीपासून आखाजीच्या पुढे पहिला पाऊस पडेपर्यंत सुतारकी. पाऊस सुरू झाला की लाकूड फुगते, गिऱ्हाईक शेतात जाते. मग हत्यारांना तेल लावून ती आढ्याला टांगायची आणि घोंगडी घेऊन गुरांमागे डोंगर चढायचा. जनावरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा ते स्वतः कोरत. प्रत्येक घंटेचा पोकळपणा थोडा कमी-जास्त, म्हणून आवाज वेगळा. संध्याकाळी धुक्यात गुरे दिसत नसत. मिस्तरी दारात बसून नुसते ऐकत आणि म्हणत, "पांढरी मागे राहिली." पोरगा परत जाई आणि पांढरी घेऊन येई. मी वर्गात पाढे शिकवत होतो. पण न मोजता केलेली अशी मोजणी मी दुसरीकडे पाहिली नाही.

त्या भागातल्या घरात माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहतात. सागाच्या खांबांवर आढे, बांबूचे कुड, त्यावर शेणमातीचा लेप. एका अंगाला चूल, दुसऱ्या अंगाला दावण. घर बांधायला अख्खे गाव येते. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. मजुरी नाही, एकत्र जेवण असते. या रीतीला 'लाह' म्हणतात. लाह असली की मिस्तरी फक्त खांबांच्या जागा दाखवायचे. काठीपासून नर्मदेच्या काठापर्यंत त्यांनी उभी केलेली घरे होती.

आणि म्हणूनच पुढचे घडले.

सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावे येणार होती. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले आणि इतके दिवस जे नुसते कानावर होते ते डोळ्यांना दिसले. पुढच्या उन्हाळ्यात नदीकाठच्या एका गावातून मिस्तरींना निरोप आला. वसाहतीत जायचे ठरले होते. घर उतरवायला माणूस हवा होता. ते घर मिस्तरींनीच बांधले होते.

सुट्टी होती, मीही सोबत गेलो. दिवसभराची उतरण. पोचल्यावर त्यांनी पाणी घेतले, घराभोवती एक फेरी मारली, एका खांबावर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग कामाला लागले. आधी कौले, मग वासे, मग आढे. खांब काढण्याआधी प्रत्येकावर ते पटाशीने खाचा पाडत होते. चुलीकडच्या खांबाला एक, दाराच्या खांबाला दोन, दावणीकडच्या खांबांना आडव्या. मी म्हटले, "बाबा, रंगाने आकडे घालू का?" ते म्हणाले, "रंग पावसात जाईल. आणि आकडा तुला वाचता येतो, याला नाही." बाजूला उभ्या असलेल्या घरमालकाने मान हलवली. खाचांवर बोट फिरवून तो आपले घर वाचू शकत होता.

वसाहतीत घर पुन्हा उभे केले तेव्हाही मी गेलो होतो. सपाट जमीन, सरळ रेघेत प्लॉट. खांब खाचांप्रमाणे बरोबर जागी बसले. पण आडव्या खाचांचे चार खांब उरले. दावणीला जागाच नव्हती. डोंगरातले घर ऐसपैस असायचे. इथे शेजाऱ्याची हद्द हाताला लागत होती. चरायला रान तर नव्हतेच. ते चार खांब कुंपणाच्या कडेला पडून राहिले. मिस्तरी त्यांच्याकडे पाहत होते. "घर आणलं," ते म्हणाले, "गोठा तिकडेच राहिला."

जनावरांचे काय करायचे हा प्रश्न त्या एकट्या घराचा नव्हता. कोणी विकली, मिळेल त्या भावाने. काहींनी मिस्तरींकडे आणून सोडली. "जागा झाली की नेतो," म्हणाले. आपल्याकडे अर्धेलीची रीत आहेच. दुसऱ्याचे जनावर सांभाळायचे, वासरे निम्मी-निम्मी. मिस्तरींनी त्याच बोलीवर ती ठेवून घेतली. प्रत्येक घरासाठी बांबूची एक कांब, तिच्यावर खाचा. वासरू झाले की नवी खाच, मेले की खाचेवर फुली. अशा सात कांबी त्यांच्या आढ्याला हत्यारांशेजारी लटकत होत्या.

हे बोलायला सोपे आहे. डोंगरात चैत्र-वैशाखात गवताची काडी उरत नाही. तिसाची गुरे पन्नासाच्या घरात गेली आणि चाऱ्याला पुरवठा पडेना. एका उन्हाळ्यात मिस्तरींनी स्वतःच्या शेळ्या मोलगीच्या बाजारात विकून कडबा आणला. त्यांची बायको चिडली. ती चिडणे रास्तच होते. तिने मलाच मध्यस्थ केले. मी म्हटले, "बाबा, आधी लोकांची विका, मग आपली." ते म्हणाले, "गुरजी, माझी विकली तर माझी गेली. त्याची विकली तर तो मला काय विचारेल?" मला उत्तर सुचले नाही. मी पगारी माणूस; मला महिन्याच्या पहिल्या तारखेपलीकडचा हिशेब येत नव्हता.

माझी बदली झाली. मधली वर्षे पत्रांवर आणि होळीच्या भेटींवर गेली. लोखंडी नांगर आले, मग ट्रॅक्टर आले. सिमेंटची घरे आली. मिस्तरींचा थोरला उसतोडीला गुजरातेत जाऊ लागला. करवतीला काम उरले नाही. याबद्दल त्यांना मी कधी रडताना पाहिले नाही. "लोखंड चांगलंच आहे," ते म्हणत, "वाळवी लागत नाही." फक्त लोखंडी नांगराला माणसाच्या उंचीप्रमाणे रुमणे बसवता येत नाही, एवढी एक तक्रार त्यांची होती.

कांबी मात्र कमी होत गेल्या. कोणाला जागा झाली, कोणी जनावरे नेऊन विकली. हिशेब मिटला की मिस्तरी मालकासमोर कांब मोडून चुलीत घालत. १७ सप्टेंबर २०१७ ला पूर्ण उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले तेव्हा त्यांच्या आढ्याला एकच कांब होती. त्या घरचा माणूस वसाहतीत वारला, मुले कामासाठी कुठे गेली ते कोणालाच सांगता येत नव्हते. त्यांची एक गाय आली होती. आता तिच्या नाती-पणती गोठ्यात होत्या.

दोन वर्षांनी, पाऊस संपता संपता मिस्तरी गेले. मला उशिरा कळले. भेटायला गेलो तेव्हा नातू दारात होता, मोलगीला शिकलेला, हातात मोबाइल. वर पाहिले तर कांब तिथेच. "बाबा सांगून गेलेत," तो म्हणाला, "ही मोडायची नाही. त्यांचं कोणी आलं तर निम्मी द्यायची." मी विचारले, "आणि कोणी आलंच नाही तर?" तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "तर खाचा पाडत राहायचं."

यंदाच्या होळीलाही मी त्यांच्या घरी उतरलो. नातू आता आठवड्यातून तीन दिवस मोलगीत दुकानावर असतो, उरलेले दिवस गुरांमागे. गुरे अठराच राहिली आहेत. त्यातल्या पाच पाहुण्यांच्या. घरात त्यांना 'पाहुण्या' असेच म्हणतात. संध्याकाळी गुरे परतली तेव्हा तो दारात बसून ऐकत होता. आजोबांइतके त्याला अजून जमत नाही. दोन घंटांत तो चुकला, हसला आणि उठून मोजायला गेला.

रात्री ढोल सुरू झाले. मी बाहेर निघताना आढ्याकडे पाहिले. कांबीवर एक खाच ताजी होती, पांढरी.