विद्यापीठपूर्व अभ्यासातील ‘धर्म’ : एका शब्दाची अडचण

विद्यापीठपूर्व वर्गांत धर्म, तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र शिकवावे काय, हा वाद बहुधा घटनेच्या २८ व्या अनुच्छेदापाशी येऊन थांबतो. सर्वस्वी शासकीय निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास तेथे मनाई आहे. तथापि धर्माची शिकवण देणे निराळे आणि धर्माविषयी शिकविणे निराळे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात हा भेद मांडला. अरुणा रॉय खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो ग्राह्य धरला.

कायद्याने सुटलेली ही गाठ भाषेत मात्र तशीच राहते. ‘धर्मशिक्षण’ हा एकच समास मराठीत दोन्ही अर्थ वाहतो. शिवाय ‘उष्णता हा अग्नीचा धर्म’, ‘शेजारधर्म’, ‘दानधर्म’ आणि ‘बौद्ध धर्म’ या प्रयोगांत तो शब्द अनुक्रमे गुण, कर्तव्य, दातृत्व आणि श्रद्धा-उपासनेची परंपरा दर्शवितो. ‘धर्मावाचून नीती संभवते काय?’ या प्रश्नाचे उत्तर लिहिताना अकरावीचा विद्यार्थी ‘कर्तव्य’ या अर्थाने आरंभ करतो आणि ‘उपासना’ या अर्थाने निष्कर्ष काढतो. शब्द एकच राहिल्यामुळे अनुमानातील दोष त्यास दिसत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. येथे मराठीच्या शेजारी गोंडी व कोलामी या द्राविडी भाषा आणि बंजारा समाजाची गोरमाटी नांदतात. गोंडी ‘पेन’ या शब्दाचे भाषांतर आपण ‘देव’ असे करतो. परंतु पेनांच्या संख्येवरून चार, पाच, सहा वा सात देवांचे सगे ठरतात आणि एकाच सग्यात विवाह निषिद्ध असतो. म्हणजे उपासना, नाते आणि आचारनियम येथे एकाच व्यवस्थेचे घटक होत. ‘देव’ म्हणताच त्यांतील पहिलाच उरतो. मग गोंडी घरातून आलेल्या विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, नीतिविचार पुस्तकातल्या परंपरांत असतो, आपल्या घरी असतात त्या केवळ चालीरीती.

म्हणून या विषयाचा आरंभ सिद्धान्तांपासून न करता शब्दांपासून करावा. ‘धर्म’, ‘नीती’, ‘पाप’, ‘देव’ या शब्दांचे आपापल्या घरभाषेतील प्रयोग विद्यार्थ्यांनी प्रथम जमवावेत, त्यांचे अर्थ वेगळे करावेत, आणि मगच गीतेतील स्वधर्म वा कांटची कर्तव्यकल्पना हाती घ्यावी. असे केल्याने कोणत्याही श्रद्धेचा प्रचार होत नाही. उलट, आपण कोणत्या अर्थाने बोलत आहोत हे सांगण्याची सवय लागते. तत्त्वचिंतनाची पहिली पायरी तीच होय.