नक्षी कुणाची, टाका कुणाचा?

पुसद, दिग्रस, दारव्हा, यवतमाळ जिल्ह्यातला कुठलाही तालुका घ्या. वैशाखात शेतीची कामे जरा हातावेगळी झाली, की दुपारी ओसरीवर जुने लुगडे अंथरले जाते. चार कोपऱ्यांवर चार दगड. लुगड्यावर धोतराचे पान, त्यावर विटलेल्या साड्या, पोरांच्या शर्टांची ठिगळे. दोघीतिघी समोरासमोर बसतात आणि कडेकडेने धावदोरा घालत मधोमध सरकतात. तिला कुणी गोधडी म्हणते, कुणी वाकळ. वऱ्हाडी तोंडात तिचीच 'वाकय' होते. शिवताना एखादी म्हणते, 'हे चौकट कोठून आनली वो? मले बी दाखव ना.' दुसरी दाखवते. त्याचे ना पैसे, ना पावती.

या 'दाखव ना'मध्ये कायद्याचा काही प्रश्न असेल, असे मलाही परवापरवापर्यंत वाटत नव्हते. आमच्या ओळखीच्या एक काकू यवतमाळात बरीच वर्षे शिवणाचे वर्ग घेतात. गोधडीच्या नक्ष्या त्यांनी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने आखून, रंग भरून, मापांसह लिहून ठेवल्या आहेत. एका विद्यार्थिनीने ती वही दोन दिवसांसाठी नेली. पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या गावात त्याच पानांच्या झेरॉक्स प्रती, वर सुरेखसे वेष्टन घालून, विकत मिळू लागल्या. काकूंचा संताप पैशांसाठी नव्हता. 'अगं, निदान नाव तरी ठेवायचं होतं माझं!' एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

कायदा काकूंच्या बाजूने आहे, पण अर्धाच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्र आणि रेखाटन यांच्याबरोबर 'कलात्मक कारागिरीची कृती'ही मोडते. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. काकूंनी स्वतः कल्पून आखलेले पान आखले त्या क्षणापासून त्यांचे. हा हक्क त्यांच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. विद्यार्थिनीने घरी बघून शिवण्यापुरती प्रत काढली असती, तर खासगी वापराला कायद्यात मोकळीक आहे. पण प्रती काढून विकणे त्या मोकळिकीत बसत नाही.

मग अर्धा म्हणजे काय? तर टाका कुणाचाच नसतो. धावदोरा कसा घालावा, ठिगळाची कड कशी मुडपावी, ही पद्धत झाली. पद्धतीवर आणि कल्पनेवर कॉपीराइट नाही. नाटक आणि चित्रपटाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये हे स्पष्ट केले होते, की कल्पना सर्वांना खुली असते, तिची मांडणी तेवढी लेखकाची. (पुरणपोळी कशी करायची यावर कुणाचा हक्क नाही, पण पाककृतीच्या पुस्तकातले पानच्या पान उचलले तर आहे. गृहिणींना हा फरक वकिलांपेक्षा लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे.) आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नक्षी कुणी आपल्या वहीत उतरवली, म्हणून ती तिची होत नाही.

त्यातही एक मेख आहे. नक्षी कारखान्यात वस्तूंवर उतरवायची असेल, तर 2000 सालच्या डिझाइन कायद्याखाली तिची नोंदणी करावी लागते. ती न करता मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक पद्धतीने 50 हून अधिक नग काढले, की त्या नक्षीवरचा कॉपीराइटही संपतो. नोंदणी मिळते 10 वर्षांची, पुढे आणखी 5 वर्षे वाढवता येते. पण नक्षी नवी हवी. आधी प्रदर्शनात मांडली, चार जणांना दाखवली, तर सर्वसाधारणपणे तिचे नवेपण गेले. म्हणजे जी बाई 'दाखव ना' म्हटल्यावर दाखवते, तिचा हक्क त्या दाखवण्यानेच पातळ होतो.

इथवर बोलणे आले तेव्हा काकूंना मी सहज विचारले, की या वहीतल्या नक्ष्या तुम्हाला कुठून मिळाल्या? त्या जरा थांबल्या. काही अर्थातच त्यांच्या स्वतःच्या. काही सासूबाईंच्या. आणि दोन पाने, सगळ्यात देखणी, तांड्यावरून बाजाराला येणाऱ्या एका बंजारा बाईच्या कांचळीवरून उतरवलेली.

यवतमाळात बंजारा समाज मोठा. वसंतराव नाईकांचे गहुली पुसद तालुक्यातलेच. एकेकाळी बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहणारी ही माणसे. रेल्वे आली आणि तो व्यापार संपला. बायांच्या फेटिया-कांचळीवरचे भरतकाम, आरसे, कवड्या मात्र राहिल्या. आज तो पोशाख रोजच्या वापरात बहुतकरून वयस्कर बायांच्याच अंगावर दिसतो, आणि शहरातल्या दुकानांत पिशव्या व उशांच्या अभ्ऱ्यांवर तीच नक्षी दिसते. कर्नाटकातल्या सांडूर इथल्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आपल्याकडे पैठणीला ते 2010 मध्ये, वारली चित्रकलेला 2014 मध्ये मिळाले. पण मानांकन नावाला आणि प्रदेशाला बांधलेले असते. भाषा एक, सुई एक, तरी सांडूरचे नाव पैनगंगेच्या अलीकडच्या तांड्याला वापरता येणार नाही. आणि नाव सोडून नुसती नक्षी उचलणाऱ्याला मानांकन फारसे अडवत नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मानांकन मिळाले होते, तरी जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन मंचावर प्राडाने तशाच चपला उतरवल्या. प्रेरणा भारतीय चपलेची, हे कंपनीने मान्य केले ते इकडून ओरड झाल्यावर.

कापसाच्या आपल्या मुलखाला जवळची वाटावी अशी एक गोष्ट अमेरिकेतली आहे. 1861 ते 1865 च्या तिथल्या यादवीत विलायतेला जाणारा अमेरिकन कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे आपण इतिहासात वाचतो. त्याच कापूसपट्ट्यात, अलाबामा राज्यात, जीज बेंड नावाचे खेडे आहे. मळ्यावरच्या गुलामांच्या वंशजांचे गाव. तिथल्या बाया थंडीसाठी जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. 2002 मध्ये त्या गोधड्या संग्रहालयांत टांगल्या गेल्या, नामवंत समीक्षकांनी वाखाणल्या. 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. आणि 2007 मध्ये गावातल्याच काही बाया कोर्टात गेल्या. आमच्या गोधड्यांच्या विक्रीतून आणि नक्ष्यांच्या हक्कांतून आम्हाला रास्त वाटा मिळाला नाही, असा दोघींचा दावा होता. संग्राहकांनी तो नाकारला. 2008 मध्ये तडजोड झाली. खरे तर त्या गावातही एकमेकींचे बघूनच शिवत. तो आपसातला व्यवहार कधी कोर्टात गेला नाही. गेला तो गावाबाहेर पडलेला.

मला वाटते, काकूंच्या ओसरीवरही फरक नेमका इथेच आहे. शेजारणीने बघून शिवली तर ती उद्या तुम्हाला काहीतरी दाखवेल. तिथे फेड होत राहते. वेष्टन घालून विकणारीचा तुमच्याशी परत संबंधच येत नाही. मग तिने निदान विचारावे, नाव छापावे आणि चार पैसे द्यावेत, ही अपेक्षा जास्त आहे का? पण हाच प्रश्न तांड्यावरची बाई काकूंना विचारू शकते, आणि काकूंनी वर्ग घेऊन फी तर घेतलेलीच आहे.

गेल्या आठवड्यात काकूंकडे गेले होते. वही समोरच होती. प्रत्येक नक्षीखाली त्यांनी आता शाईने लिहिले आहे: 'सासूबाईंकडून', 'माझी', 'दारव्ह्याच्या मावशींकडून'. बंजारा नक्षीच्या दोन पानांखाली मात्र जागा कोरीच होती. त्या बाईचे नाव काकूंनी कधी विचारलेच नव्हते. येत्या बाजाराच्या दिवशी लवकर जाऊन बसणार आहे, म्हणाल्या.