स्वयंपाकघरातली जेवायची जागा

स्वयंपाकघरात जेवायला बसण्याची सोय तीन प्रकारे करता येते. खोलीच्या मधोमध, चारही बाजूंनी मोकळा ओटा बांधला तर ते आयलंड. एक टोक भिंतीला किंवा मुख्य ओट्याला जोडून उरलेल्या तीन बाजू मोकळ्या ठेवल्या तर पेनिन्सुला. बोलण्यात त्यालाच ब्रेकफास्ट काउंटर म्हणतात. तिसरा प्रकार टेबल-खुर्च्यांचा. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी भागात नवे घर बांधताना किंवा जुने दुरुस्त करताना या तिन्हींतून निवड करण्याची वेळ आता अनेक कुटुंबांवर येते.

जुन्या मालवणी घरात अंगणाला खळे, ओसरीला लोटा, आतल्या खोलीला वळई असे सगळ्याला नाव आणि जागा होती, पण जेवणाची म्हणून वेगळी खोली नव्हती. चूल जमिनीलगत, नारळ खोवायचा आडाळो जमिनीवर, रांधणारी बाई पाटावर. जेवणाऱ्यांचे पाटही तिच्या हाताच्या अंतरावर. रांधणे, वाढणे आणि जेवणे एकाच पातळीवर चालत असे. गॅसची शेगडी आली, ओटा कमरेपर्यंत उंच झाला आणि रांधणारी बाई उभी राहिली. जेवणारे मात्र बरेच दिवस खालीच बसत राहिले. दर भाकरीला आणि दर वाढीला वाकण्याची मेहनत तेव्हापासून सुरू झाली. जेवणाऱ्याला वर आणण्याची गरज यातूनच निर्माण झाली, आणि गुडघे धरलेल्या वडीलधाऱ्यांनी ती आणखी तातडीची केली.

युरोपात उभ्याने रांधण्याच्या आखीव स्वयंपाकघराचा नमुना वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी 1926 मध्ये फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी तयार केला. ती खोली साधारण 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब होती, आणि तिथे जेवायला बसणे अपेक्षितच नव्हते. पुढे स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधली भिंत निघाली, खोल्या मोठ्या झाल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत आयलंड उभे राहिले. म्हणजे आयलंड हे मुळात ऐसपैस जागेचे अपत्य आहे.

ती जागा किती लागते, याचा हिशेब सोपा आहे. भिंतीलगतचा ओटा 2 फूट. तिथे उभे राहून मागे वळता यावे म्हणून साडेतीन फूट. आयलंड 2 फूट आणि गुडघे आत जावेत म्हणून पुढे काढलेला दगड सव्वा फूट. स्टूल मागे सरकवायला आणखी 3 फूट. बेरीज जवळपास 12 फूट होते. दोन माणसे शेजारी बसायची तर आयलंडची लांबी किमान 4 फूट हवी, आणि दोन्ही टोकांना वाट सोडली की दुसरी बाजू 10 फुटांवर जाते. राष्ट्रीय इमारत संहितेत जेवणाचीही सोय असलेल्या स्वयंपाकघरासाठी किमान साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे 80 चौरस फूट सांगितले आहेत. त्या मापाच्या खोलीत आयलंड बसवले तर ओव्हनचे किंवा फ्रिजचे दार उघडताना माणसाला बाहेर जावे लागेल.

उंचीच्या बाबतीत चुका जास्त होतात. आपल्याकडे रांधायचा ओटा बहुधा 32 ते 34 इंचांचा असतो, जेवणाचे टेबल 30 इंचांचे आणि खुर्चीची बैठक 18 इंचांची. काउंटर 36 इंचांचे असेल तर स्टूल 24 ते 26 इंचांचे लागते. 42 इंचांच्या काउंटरला 30 इंचांचे. बैठक आणि वरची फळी यांत 10 ते 12 इंच अंतर राहिले पाहिजे, नाहीतर मांड्या अडकतात किंवा ताट छातीशी येते. माणशी 24 इंच रुंदी धरावी. पुढे काढलेला ग्रॅनाइट 10 इंचांपेक्षा जास्त असेल तर खाली लोखंडी ब्रॅकेट घ्यावेच. दगडावर कोणी हात टेकून उठले की सगळा भार त्या कडेवर येतो.

काय जेवले जाते, हे या मापांइतकेच महत्त्वाचे आहे. सकाळच्या घावण्यांना काउंटरसारखी जागा नाही. घावणा बिडाच्या तव्यावरून निघाला की लगेच खायचा. थोडा थांबला तर तो जाळीदार, लुसलुशीत राहत नाही. करणारी व्यक्ती शेगडीशी, खाणारा दोन हातांवर, घावणा तव्यातून थेट ताटलीत आणि बाजूला वाटीत गूळ-नारळाचा रस. एक उठला की दुसरा बसतो. माशाची तळलेली तुकडी, आंबोळी, दुपारचा चहा यांचेही तसेच.

दुपारचे जेवण वेगळे. भाताचे मोठे ताट, आमटीची वाटी, तळलेला बांगडा, सोलकढीचा पेला आणि काटे काढून ठेवायला ताटाची कड. हे सगळे सव्वा फूट पुढे आलेल्या दगडावर मावत नाही. शिवाय बांगड्याचे काटे हाताने सोडवत, गप्पा करत जेवायला वेळ लागतो. पाठ न टेकता, पाय अधांतरी ठेवून उंच स्टुलावर तेवढा वेळ बसणे तरुणांनाही जड जाते. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना तर तिथे चढवूच नये. एका रांगेत बसल्याने समोरासमोर बोलणे होत नाही, हेही काउंटरचे मोठे उणे आहे.

पंख्याचा विचार नकाशावर कोणी करत नाही. या किनाऱ्यावर मार्च ते मे वाऱ्याशिवाय जेवणे कठीण, आणि पंखा लावला की शेगडीची ज्योत फडफडते. पंख्याखाली बसून जेवायची जागा शेगडीपासून जितकी लांब तितके बरे. आयलंडवरच शेगडी घेतली तर ही अडचण थेट ताटासमोर येते, मासळीच्या तळणीचे तेल जेवणाऱ्यांकडे उडते, आणि चिमणी छताला टांगावी लागते. त्यामुळे आयलंड केलेच तर शेगडी भिंतीकडे ठेवून मधला ओटा चिरायला, वाढायला आणि बसायला ठेवावा. त्यावर पाण्याचा नळ किंवा मिक्सरचा प्लग हवा असेल तर सांडपाण्याचा उतार आणि वायरिंगची नळी लाद्या बसवण्यापूर्वीच जमिनीखालून न्यावी लागते.

पेनिन्सुला किंवा तिचाच खिडकीसारखा प्रकार फ्लॅटमध्ये चांगला जमतो. स्वयंपाकघर आणि हॉल यांमधल्या भिंतीत कमरेच्या वर खिडकीसारखी मोकळी जागा काढून तिथेच काउंटर केले की स्टुले हॉलच्या बाजूला जातात आणि आतली जागा खर्च होत नाही. जुन्या चिऱ्याच्या घरात मात्र हे काम सहज घेऊ नये. तिथल्या भिंतीच छप्पर तोलून धरतात. मोकळ्या केलेल्या भागावर लिंटेल टाकल्याशिवाय चिरे काढले तर वरचे वासे बसतात. आधी इंजिनिअरला दाखवावे.

सामानाची निवड हवामानच ठरवते. जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि बारमाही खारा वारा यांत एमडीएफ फुगते, क्रोम चढवलेल्या स्टुलांच्या पायांना गंज धरतो. काउंटरखालच्या कपाटांना आयएस 710 दर्जाचे मरीन प्लायवूड घ्यावे. संगमरवर टाळलेला बरा. कोकमाच्या आगळाचा थेंब पडला की आम्लाने चकाकी जाते आणि डाग राहतो. ग्रॅनाइट टिकतो. टेबलासाठी साग आणि फणस ही इथलीच लाकडे, आणि सावंतवाडीला लाकूडकामाची जुनी परंपरा आहे.

गणपतीच्या चवथीला या सगळ्या निवडीचा कस लागतो. एरवी चार माणसांचे घर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी भरते, लोट्यात केळीच्या पानांवर पंगती बसतात आणि रात्री भजनाला आलेल्यांना चहा-उसळ द्यायची असते. टेबल अशा वेळी उचलून पडवीत नेता येते. तेच वाढपाचे टेबल होते आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर आणखी एक ओळ बसते. बांधलेले आयलंड जागचे हलत नाही. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यानंतर तारकर्ली-देवबागकडे घरगुती निवास-न्याहारी वाढली. तिथेही पाहुण्यांसाठी पडवीतले लांब टेबल सोयीचे, कारण घरच्यांचे स्वयंपाकघर त्यांचेच राहते. आयलंड खरोखर उपयोगी पडते ते जिथे दोघी-तिघी मिळून रोज मोठा स्वयंपाक करतात आणि खोली 12 फुटांहून रुंद आहे तिथे. पण तेही कामाचा ओटा म्हणून.

बहुतेक कुटुंबांना 30 इंच उंचीचे टेबलच पुरेल. 4 फूट लांब आणि अडीच फूट रुंद टेबलावर चौघे बसतात. एक बाजू भिंतीला लावली तर तिघे, आणि भिंतीवर बिजागरीने दुमडणारी फळी केली तर जेवण झाल्यावर जागा मोकळी. जिथे जागा आहे तिथे घावण्यांपुरते दोन स्टुलांचे छोटे काउंटर आणि शेजारी टेबल, अशी जोडी उत्तम. गवंडी येण्यापूर्वी ठरलेले माप खडूने जमिनीवर आखून, त्याभोवती खुर्च्या मांडून, फ्रिज आणि मागचे दार उघडून आठवडाभर त्यातून वावरावे.