विज्ञानकथेची दुनिया (लेखांक ९) : ‘सध्या काय वाचताय?’

मागच्या लेखात आपण अमेरिकेतल्या स्वस्त कागदावरच्या कथामासिकांची ओळख करून घेतली. त्या मासिकांत गोष्टींइतक्याच चवीनं वाचलं जाणारं आणखी एक सदर असे, ते म्हणजे वाचकांची पत्रं. माझं ठाम मत आहे की विज्ञानकथा जगली आणि वाढली ती वाचकांनी एकमेकांना केलेल्या शिफारशींमुळे. आजचा लेख त्याबद्दलच आहे.

ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं लिहिणाऱ्याच्या पत्त्यासकट छापली जात. कुठली गोष्ट झकास जमलीय, कुठल्या गोष्टीतलं विज्ञान कच्चं आहे, कुठला जुना लेखक शोधून वाचायलाच हवा, असा सगळा मजकूर त्यांत असे. गावात असलं काही वाचणारे आपण एकटेच, असं वाटणाऱ्या मुलांना अचानक दूरच्या शहरातला समानधर्मा सापडू लागला. पत्ता हाताशी होताच. मग संपादकाला मध्ये न घेता थेट पत्रापत्री सुरू झाली, तिच्यातून मंडळं निघाली. १९३० मध्ये ‘द कॉमेट’ हे वाचकांनीच काढलेलं हौशी नियतकालिक आलं आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. प्रतिष्ठित समीक्षक या गोष्टींकडे ढुंकूनही पाहत नसताना, काय वाचावं हे ठरवण्याचं काम वाचकांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

‘अस्टाउंडिंग’चे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी या उत्साहाला शिस्त लावली. वाचक पत्रातून अंकातल्या गोष्टींना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम देत. कॅम्पबेल त्यांची सरासरी काढून पुढच्या एखाद्या अंकात छापत. आकडा जितका लहान, तितकी गोष्ट सरस. आपली गोष्ट वाचकांना कितपत रुचली, हे लेखकाला काही महिन्यांत कळत असे.

याच मासिकाच्या नोव्हेंबर १९४८ च्या अंकात एक अफलातून पत्र छापून आलं. पत्रलेखक वाचकानं नेहमीप्रमाणे गोष्टींचे क्रम लावले होते, लेखकांची नावं आणि कथांची शीर्षकं दिली होती, मुखपृष्ठाबद्दलही लिहिलं होतं. फरक एवढाच, की अंक होता नोव्हेंबर १९४९ चा, म्हणजे अजून वर्षभरानं निघायचा! कॅम्पबेल यांनी ते पत्र छापलं आणि त्या त्या लेखकांना गाठून त्या त्या शीर्षकाच्या गोष्टी लिहायला सांगितल्या. वर्षभरानं अंक बाजारात आला तेव्हा पत्रातल्या बहुतेक कथा त्यात खरोखरच हजर होत्या. रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘गल्फ’ होती, थिओडोर स्टर्जन, लेस्टर डेल रे, व्हॅन व्होग्ट हेही होते.

‘गल्फ’ या शीर्षकाखाली लिहायचं काय, याचा हाइनलाइन विचार करत असताना त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया यांनी एक कल्पना सुचवली: मंगळवासीयांनी वाढवलेलं माणसाचं मूल. कल्पना एका गोष्टीत मावणारी नव्हती. हाइनलाइन यांनी ती बाजूला ठेवली आणि ‘गल्फ’साठी वेगळंच कथानक घेतलं. बाजूला ठेवलेल्या कल्पनेची पुढे ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ ही कादंबरी झाली. १९६१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. एका वाचकानं अस्तित्वातच नसलेल्या कथेची वाखाणणी केली, तिचं हे फळ.

गर्न्सबॅक यांच्या नावाचा हा ह्यूगो पुरस्कारही वाचकांचाच. १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या संमेलनात तो प्रथम दिला गेला. इथे परीक्षकांची समिती नसते, संमेलनाचे सभासद मत देतात. आज ते नामांकनांना पसंतीक्रम देतात. कुणालाच बहुमत मिळालं नाही तर तळाचं नाव बाद होतं आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. ‘पुरस्कार कुणालाच नको’ असाही पर्याय मतपत्रिकेवर असतो. वाचकांच्या या कौलाचं एक उदाहरण पाहा. फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ वीसेक प्रकाशकांनी परत पाठवली होती. शेवटी मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या संस्थेनं ती १९६५ मध्ये काढली. कॅम्पबेल यांच्या मासिकाच्या वाचकांनी मात्र ती क्रमशः वाचलेली होती. १९६६ च्या ह्यूगोत तिनं रॉजर झेलाझ्नी यांच्या कादंबरीबरोबर पहिला मान वाटून घेतला.

आपल्याकडे मराठी विज्ञानकथेचं मोठं घर म्हणजे दिवाळी अंक. ‘धनंजय’, ‘नवल’ यांसारख्या अंकांतून ती दरवर्षी भेटत आली. पण अंक वाचनालयातून फिरतो, जीर्ण होतो, रद्दीत जातो आणि संग्रहात न आलेली गोष्ट त्याच्याबरोबर हरवते. म्हणून मराठी वाचकाच्या शिफारशीला जास्त मोल आहे. ‘एक भारी गोष्ट वाचली होती’ एवढ्यानं काम भागत नाही. लेखक, शीर्षक, अंक आणि वर्ष सांगा. गोष्ट कुणाला आवडेल ते सांगा. आणि का आवडेल हे सांगताना तिचं रहस्य फोडू नका.

याच पद्धतीनं माझी या आठवड्याची शिफारस: फ्रेड हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’, १९५७. हॉइल म्हणजे केंब्रिजमधले जयंत नारळीकरांचे गुरू. सुरुवातीलाच एक तरुण खगोलशास्त्रज्ञ आकाशाच्या एकाच भागाच्या, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन छायाचित्र-काचा यंत्रात लावून आलटून पालटून पाहतो. एका काचेवर तारे जागच्या जागी आहेत. दुसऱ्या काचेवर त्यांतले काही गायब आहेत आणि तिथे काळा डाग आहे. पुढची कितीतरी पानं शास्त्रज्ञांच्या वादांची, गणितांची आणि सरकारशी होणाऱ्या खटक्यांची आहेत. शास्त्रज्ञ विचार कसा करतो याचं ज्यांना कुतूहल आहे, त्यांनी ही जरूर वाचावी. ज्यांना पात्रांच्या मनात खोल उतरायचं असतं, त्यांना ती कोरडी वाटेल. आणि ‘यक्षांची देणगी’ किंवा नारळीकरांचं दुसरं काही ज्यांनी वाचलंय, त्यांना गुरू-शिष्यांच्या कथनातलं साम्य शोधण्याचा आनंद वेगळाच मिळेल.

तुम्ही सध्या जे वाचताय, तेही अशाच पूर्ण पत्त्यासह निदान एका माणसाला या आठवड्यात सांगा.

(पुढील लेखात : भा. रा. भागवत आणि मराठीतला ज्यूल व्हर्न)