गंजावर रंग चढवू नका!

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वर्ध्याच्या वस्तीतील एका निवृत्त ड्रायव्हरकाकांनी जुनी मॅटाडोर घेतली. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची गाडी. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, पण लोकांच्या तोंडी मॅटाडोर ती मॅटाडोरच. आत झोपायला दोन फळ्या, स्टोव्हसाठी छोटा ओटा, पाण्याची टाकी एवढे करायचे आणि घरच्यांना दीक्षाभूमी, मग अजिंठा-वेरूळ दाखवून आणायचे, असा काकांचा बेत. मुक्कामाचा खर्च वाचणार होता.

आम्ही पडलो कारकून. काकांनी आम्हाला हिशेबाला बसवले. गाडी स्वस्तात मिळाली होती, पण खरा खर्च मॅटखाली दडला होता. मॅट उचलली तर पत्र्याचे पापुद्रे हातात आले. काकांनी पेचकसाची मूठ ठोकली आणि आरपार भोक पडले. मुलगा म्हणाला, "पुट्टी भरून रंग मारू, दसऱ्याला गाडी नवी दिसेल." काका म्हणाले, "अन् लेकरं कशावर बसवशीन, पुट्टीवर?"

वाचकहो, प्रश्न इथेच आहे. लोखंडाला हवा आणि ओल एकत्र मिळाली की गंज चढतो. तो लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फुगवून फोडतो. आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, पण काळी माती आहे. ती मडगार्डच्या आत चिकटून ओल धरून ठेवते. दारांच्या तळाशी पाणी निघायला भोके असतात, तीही मातीने बुजतात. गाडी आधी कोकणात किंवा मुंबईत फिरली असेल, तर दुप्पट तपासावी.

काकांनी काम असे केले. बॅटरीची वायर सोडली, डिझेलची टाकी उतरवली, मगच वेल्डिंग. सडलेला पत्रा चांगले लोखंड लागेपर्यंत कापला आणि नवा तुकडा जोडला. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासला. उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्लाचे औषध लावले; त्या वेळी हातमोजे, चष्मा घातला आणि मुलांना दूर ठेवले. पत्रा धुऊन पूर्ण कोरडा केला, मग प्रायमर आणि रंग. पुट्टी फक्त शेवटी, चांगल्या पत्र्यावरचा खड्डा सपाट करण्यापुरती. चासीच सडली असेल, तर मात्र त्या गाडीचा मोह सोडावा.

दुसरा धोका जिवाचा आहे. सायलेन्सरचा पाइप आणि तळाचा पत्रा सडला की धूर आत शिरतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून इंजिन चालू ठेवून गाडीत कधीही झोपू नये. बंद गाडीत स्टोव्हही पेटवू नये.

कागदांचेही पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. फळ्या ठोकण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे.

ओट्याचे पैसे तळाच्या पत्र्यात गेले. काकू आधी रुसल्या. पण पावसाळ्यात आम्ही सर्वांनी मिळून मॅट उचलून पाहिली, तर पत्रा कोरडा ठणठणीत! काकूच म्हणाल्या, "ओटा पुढच्या वर्षी. यंदा दशम्या बांधून नेऊ."

जुनी गाडी घेणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे: रंग पाहून पैसे देऊ नका. आधी मॅट उचला.