म्हापशातले डावे-उजवे

कसणाऱ्याला जमीन मिळवून देतो तो डावा, मालकाची पाठराखण करतो तो उजवा, अशी ढोबळ समजूत. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पेडणे-डिचोलीतल्या कुळांनी पहिल्यांदा विधानसभेसाठी मत दिले, तेव्हाच तिला तडा गेला. कुळांचा आणि मुंडकारांचा कैवार घेऊन उभा राहिलेला पक्ष होता महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो), आणि त्याचे नेते दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक. ‘बहुजनांचे भाऊ’ ते याच काळात झाले.

विरोधक मगोला जातीयवादी म्हणत. मगोवाले डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सला भाटकारांचा, म्हणजे जमीनदारांचा पक्ष म्हणत. गोवा मुक्त करणाऱ्या नेहरूंच्या काँग्रेसला मात्र खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही. मिळाली ती दमणमध्ये. पुरोगामी, प्रतिगामी या शब्दांनी हा निकाल उलगडत नाही. भाटकाराच्या जमिनीत ज्याचे खोपट, त्या मुंडकाराला उठवले तर जायचे कुठे, हा प्रश्न त्यापेक्षा जवळचा होता.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांचा ओढा महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाकडे होता. तरी गोव्याने ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत निवडणूक झाली आणि सत्ता पुन्हा मगोकडेच आली. पक्षाच्या नावातला ‘महाराष्ट्रवाद’ हरला, पक्ष जिंकला. कुळ कायदा १९६४ चा, मुंडकार संरक्षणाचा १९७५ चा. पुढे शशिकला काकोडकरांच्या काळात १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना मालकी देऊ केली. कागदावरची मालकी हाती यायला मामलेदार कचेरीचे किती उंबरे झिजवावे लागले, ती वेगळी कथा. पण कम्युनिस्टांच्या जाहीरनाम्यात शोभावे असे हे काम लाल झेंड्याखाली झाले नाही, सिंहाच्या निशाणीवर झाले.

खरे तर घोळ मुक्तीलढ्यापासूनचाच. १९५५ च्या सत्याग्रहात समाजवादी, कम्युनिस्ट आणि जनसंघवाले असे सगळेच गोव्याची हद्द ओलांडायला निघाले होते. पीटर अल्वारिस ख्रिस्ती, कट्टर समाजवादी आणि तरीही विलीनीकरणवादी. मगोच्या बळावर ते लोकसभेत गेले. धर्मावरून पक्ष ओळखणाऱ्यांना त्यांनी तेव्हाच चकवले होते.

म्हापशाने तसाच चकवा पुढे फ्रान्सिस डिसोझांच्या रूपाने दिला. १९९९ मध्ये ते गोवा राजीव काँग्रेसकडून निवडून आले, मग भाजपात गेले आणि २०१९ मध्ये निधन होईपर्यंत आमदार राहिले. २०१४ मध्ये उपमुख्यमंत्री असताना त्यांनी स्वतःला ‘ख्रिश्चन हिंदू’ म्हटले. केवढा गदारोळ झाला! शेवटी त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. मतदारांवर परिणाम शून्य. २०१७ मध्ये म्हापशाने त्यांनाच निवडले. त्यांच्या ‘बाबूश’ या नावाची ओळख त्यांच्या विचारसरणीपेक्षा जुनी होती.

अलीकडे तर विचारसरणीचे नाव घ्यायचीही सोय राहिलेली नाही. १९८० मध्ये अर्स काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेले लगोलग इंदिरा काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा निदान दोन्हीकडे काँग्रेस हा शब्द तरी होता. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिर, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी निष्ठेच्या शपथा घेतल्या; सेक्युलरपणात कसूर म्हणून ठेवली नाही. त्यातून निवडून आलेल्या अकरापैकी आठ आमदार सप्टेंबरात भाजपात दाखल झाले.